परतवाडा ते गुवाहाटी, आपल्याच वावरावरून

धाकटी बहीण प्रणाली नोकरीसाठी गुवाहाटीला गेली आणि तिथेच तिचं लग्न ठरलं. आई आठवडाभर आधीच तिकडे पोहोचली. बाबा मात्र एका गोष्टीवर अडून बसले. आमच्या घरची रीतच आहे, लेकीच्या लग्नातले हार घरच्या शेवंतीचे. "परक्या फुलाइत लेकीले उभी नाई करत मी," म्हणाले. संपलं. फुलं आणि बाबा, दोघांनाही घेऊन जायला मी अकोल्याहून आले.

मी मोबाइलवर अंतर काढलं. अमरावती ते मुंबई हवेतून साधारण साडेपाचशे किलोमीटर, मुंबई ते गुवाहाटी दोन हजारांच्या वर. प्रत्यक्ष उड्डाण पाचेक तास. पण या आकड्यानं हुरळून जाऊ नका. परतवाड्याहून अमरावतीपर्यंत एसटी, तिथून बेलोऱ्याच्या विमानतळापर्यंत रिक्षा आणि मुंबईतलं ताटकळणं धरलं तर अख्खा दिवस जातो. अमरावतीहून विमान रोज नसतं, तेव्हा वार बघूनच सुट्टी टाका.

पहाटे तोडलेली फुलं बाबांनी केळीच्या पानात, ओल्या धोतरात बांधून टोपलीत ठेवली. सोबत शिंपडायला घरच्या विहिरीचं पाणी. अमरावतीत गिला वडा खाल्ला तेव्हा स्वारी खुशीत होती. तपासणीत पाण्याची बाटली काढून घेतली आणि तोंड उतरलं. मुंबईत टोपली उघडली तर कडेची फुलं मलूल झालेली.

गुवाहाटीच्या विमानात बाबांनी हवाईसुंदरीकडे पाणी मागितलं. तिनं पेला पुढे केला.

"मुझे नही बेटा, फूलों को होना."

ती हसली नाही. आत जाऊन बर्फाची पिशवी घेऊन आली, वर मधूनमधून येऊन टोपलीची विचारपूस करत राहिली. तिचं नावही विचारलं नाही मी, पण तिचे उपकार विसरणार नाही.

मी मोबाइल खिडकीशी धरला. नकाशातला निळा ठिपका सरकत सरकत अमरावतीवर आला. सकाळी जिथून निघालो, तिथेच!

"म्हंजे आपुन आपल्याच वावरावरून जाऊन राह्यलो?" बाबा म्हणाले. "मंग इथंच काहून नाई बसवलं यायनं?"

गुवाहाटीत प्रणालीच्या सासूबाई बादलीभर पाणी घेऊन दारातच उभ्या होत्या. निवडून निवडून दोन हारांपुरती फुलं निघाली. सासूबाई आणि आई, एकीला दुसरीची भाषा येत नाही, शेजारी बसून हार ओवत होत्या. लग्नाच्या सकाळी प्रणालीनं हार हुंगला आणि बाबांकडे बघून रडली. बाबाही रडले. सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर गामोसा, म्हणजे तिकडचा मानाचा पंचा, घातला, तो त्यांनी परतवाड्यापर्यंत उतरवला नाही.

मी अकोल्याला घरी परतले. परवा रविवारी वावरात गेले होते, तेव्हा वरून एक विमान गेलं. पूर्वी बाबा मान वर करत नसत. आता टोपली खाली ठेवून, विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

"बाबा, हे गुवाहाटीचंच कशावरून?"

"नसंन," ते म्हणाले. "वाट तर तेच हाये."