विलायती पाल्याचा काढा

माझे यजमान देवळालीच्या छावणीत एका दुकानात कारकून होते. तिथं येणाऱ्या एका मडमेला मला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तिनं ह्यांच्या हाती एक डबा दिला. आत रासबेरीचा वाळलेला पाला. तिकडच्या बायका पितात, बाळंतपण सोपं जातं म्हणे. चिमूटभर पाला, वर कढत पाणी, आणि तेही अगदी शेवटच्या महिन्यात, असं तिनं बजावलं होतं. ह्यांनी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाईंनी डबा हुंगला. "चिमटीनं कुठं गुण येतो? आणि तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

आमच्याकडे पाला म्हटला की काढा, आणि काढा म्हटला की आठ भांड्यांचं एक भांडं होईपर्यंत आटवायचा. त्यांनी ओंजळभर पाला टाकला. मला तेव्हा नुकता पाचवा सरला होता.

मी तोंडाची तिखट. आमटी अळणी झाली तर तसं सांगायला मागंपुढं पाहत नसे. पण ह्या काढ्यापुढे माझी जीभ उचलेना. माझी नणंद पहिल्या बाळंतपणात अडली आणि ह्याच घरात गेली होती. पेला रिकामा होईपर्यंत सासूबाई समोरून हलायच्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर मी नव्हतेच, ती होती. नाही कसं म्हणणार? रोज सकाळी नाक दाबून प्यायले.

आठवडा झाला असेल. भाजी निवडता निवडता ओटीपोटात कळ आली, मग दुसरी आली. टांगा करून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि विचारलं, "काही औषध घेतलंत का? घरगुती, झाडपाल्याचं?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "घरचं साधं जेवण. दुसरं काही नाही."

गरोदर बाईला दिलेलं औषध चारचौघांत बोलायचं नाही, दृष्ट लागते, अशी आम्हा बायकांची समजूत. त्या आपल्या परीनं माझी राखणच करत होत्या. हे मला कळत होतं, तरी असा संताप आला की काय सांगू! बाई औषध देणार ते कशाच्या भरवशावर?

"काढा घेतलाय," मी म्हणाले. "रासबेरीच्या पाल्याचा. आटवून, रोज."

सासूबाईंनी मान खाली घातली.

बाई रागावल्या नाहीत. "पाल्यानं झालं की आपसूक, ते मला सांगता येणार नाही. पण ह्या दिवसांत नवं काही घ्यायचं तर आधी विचारावं. आणि आम्ही विचारलं तर लपवू नये."

मूल राहिलं नाही. मुलगी होती.

पुन्हा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी चूल सोडली. माझ्यासाठी साधा पाण्याचा तांब्याही भरेनात. "माझ्या हातचं तुला नको," एवढंच म्हणायच्या. एकदा मी पानावर बसून हट्टच धरला, "वाढा ना मला. तुमच्या हातचा भात हवाय." त्या भिंतीशी बसल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले आणि तशाच बसून राहिल्या. मला भूक लागली होती आणि रडूही येत होतं. शेवटी मी उठले आणि माझं मीच वाढून घेतलं.