साहेबांना रोज गोकुरोसामा

दोन हजार पाचच्या सुमारास मी अमेरिकेत चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जपानहून एक नवं मशीन आलं आणि ते बसवायला तीन माणसं आली. दोन तरुण आणि त्यांचे साहेब. साहेब साठीच्या घरातले, किरकोळ अंगाचे, कामापुरतंच बोलणारे.

दोन महिने एकत्र काम करायचं तर त्यांच्या भाषेतले चार शब्द आपल्याला यावेत, असं मी ठरवलं. तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण मी पुण्याचा. भाषा आणि शिष्टाचार या दोन्ही विषयांत आपल्याला उपजत गती आहे, असं मी धरून चालत असे. तरुणांपैकी चष्मेवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, सकाळी मित्र भेटला तर नुसतं 'ओहायो' चालतं, मोठ्या माणसाला मात्र 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं. म्हणजे आमचं तू आणि तुम्ही, असं म्हणून मी पुढच्या धड्यांची गरज नसल्याचं परस्पर ठरवून टाकलं.

सकाळचं ठीक चाललं. मी जरा वाकून 'ओहायो गोझाइमास' म्हणायचो, साहेबही वाकायचे. संध्याकाळचं मात्र मी नुसतं ऐकून शिकलो. काम संपलं की ते दोघे साहेबांना काहीतरी लांबलचक म्हणत आणि साहेब त्यांना म्हणत, 'गोकुरोसामा'. तिघांतला सगळ्यांत मोठा माणूस जे बोलतो तेच सगळ्यांत सभ्य असणार, असा मी हिशेब केला. शिवाय ते पाठ करायला सोपं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज निघताना साहेबांना 'गोकुरोसामा' म्हणू लागलो. ते क्षणभर थांबत, मग कमरेत वाकत. माझे उच्चार ऐकून ते थक्क होतात, अशी माझी समजूत होती.

त्याच दिवसांत नागपूरहून नुकताच आलेला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान सहकारी मीटिंगमध्ये मला 'यार' म्हणाला. मोठ्यांशी कसं बोलावं यावर मी घरी बायकोला जेवण संपेपर्यंत ऐकवलं. जपान्यांकडून शिकावं, असंही म्हणालो. तिने आमटी आणखी हवी का, एवढंच विचारलं.

पाचव्या आठवड्यात एकदा साहेब गाडीकडे गेल्यावर चष्मेवाला मागे रेंगाळला. बराच वेळ शब्द जुळवून तो म्हणाला, "ते गोकुरोसामा आहे ना, ते वरचा माणूस खालच्याला म्हणतो. शाब्बास, दमलास, जा आता, असं काहीसं."

"मग त्यांना काय म्हणायचं?"

"ओत्सुकारेसामा देशिता. आम्ही म्हणतो ते."

म्हणजे पाच आठवडे मी त्या माणसाची रोज पाठ थोपटून त्याला घरी पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना मी माफीचं एक जपानी वाक्य घोकलं. कॅन्टीनमध्ये साहेब एकटे जेवत होते. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वाक्य विसरलो. शेवटी इंग्रजीतच माफी मागितली. त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि एकेक शब्द शोधत सांगितलं की त्यांना तसं म्हणणारे शेवटचे म्हणजे त्यांचे जुने साहेब. ते रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली.

"आता मला असं म्हणणारं वर कोणी नाही," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटायचं. तुम्ही म्हणत जा."

पण अर्थ कळल्यावर तो शब्द माझ्या तोंडून निघेना. उरलेले तीन आठवडे मी 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणायचा प्रयत्न केला. दर वेळी मध्येच कुठेतरी जीभ अडखळायची आणि माझं पुरं होईपर्यंत साहेब अदबीने थांबून राहायचे.

शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि गाडीचं दार उघडून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे मला नीट कळलं होतं. मी हात हलवला आणि म्हणालो, "बाय."