शेजारचा मिक्सर

शेजारी मिक्सर सुरू झाला आणि माझ्या लेकीनं, सईनं, दोन्ही कान गच्च दाबून धरले. आमचा मिक्सर केव्हाच माळ्यावर गेलाय. लोकांचा कसा टाकणार? सईला ऑटिझम आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आपला मेंदू नको ते आवाज मागे सारतो. अशा बऱ्याच मुलांना ते जमत नाही. सगळं एकदम अंगावर येतं."

"पण का?"

"संशोधन चाललंय."

मेंदूतल्या जोडण्या तपासत कितीतरी हुशार माणसं बसली असतील. चांगलंच आहे. शेजारची चटणी मात्र अजून बारीक व्हायची होती.

न राहवून मी सईच्या हातांवर माझे हात ठेवले. ती किंचाळली. स्पर्शही तसाच अंगावर येतो, हेही बाईंनी सांगितलं होतं. मी हात मागे घेतले. मिक्सर थांबेपर्यंत त्या हातांचं काय करायचं, ते मला कळेना.