बाईंची पट्टी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो — भोईर बाईंचे. त्यापुढचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

दिघाशीच्या शाळेत त्या मला मराठी शिकवायच्या. पाचवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'माझा बाप वडप्याला गोदामात कामाला हाय.' मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाकडी पट्टी घेतली, माझ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली आणि वर लिहिलं — डावीकडे 'घरचा शब्द', उजवीकडे 'पुस्तकातला शब्द'. म्हणाल्या, "दोन्ही येऊ देत. एकासाठी दुसरा टाकू नकोस. कळतंय ना, बाळा?" अशा तीन वह्या भरल्या मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या वह्यांवर. भिवंडीतल्या नाट्यशाळेचा अर्जही बाईंनीच भरला. मुलाखतीच्या दिवशी एसटीत माझी फाइल मांडीवर धरून त्यांनी माझं स्वगत तीनदा ऐकलं.

आता तुम्हीच सांगा — इतकं मिळालेल्या माणसाकडे जखम कुठून असणार?

जखमेचं असं झालं. शेवटच्या वर्षी आम्हा विद्यार्थ्यांचं नाटक बसत होतं. आजच्या तरुणांबद्दलचं, आमच्याच आयुष्यांतून उभं करायचं. सरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपली एक जखम घेऊन या. आमच्यातल्या शबानाचे वडील पॉवरलूमच्या आवाजानं बहिरे झाले होते. त्यांच्याशी ती हातवारे करून कशी भांडते ते तिनं करून दाखवलं आणि सरांनी ते लगेच नाटकात घेतलं. माझा नंबर आला. बाप गोदामात हमाल — हे तर आमच्यातल्या चौघांचं होतं. सर म्हणाले, "तू फार समाधानी आहेस रे." कौतुक नव्हतं ते. मुलं हसली.

मग मी — जरा थांबतो — मग मी पट्टी घेतली. बाईंची.

आठ मिनिटांचं स्वगत लिहिलं. त्यातली बाई 'न्हाय' म्हणणाऱ्या मुलाच्या बोटांवर पट्टी मारते, शंभर वेळा 'नाही' लिहायला लावते, त्याची भाषा त्याच्या तोंडातून काढून घेते. नाव घेतलं नाही मी. पण बाईंच्या अंबाड्यात कायम खोचलेली पेन्सिल? ती दिली. 'कळतंय ना, बाळा?' — तेही दिलं. खऱ्या माणसाचे बारकावे घातले की खोटं नीट उभं राहतं. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला फार बरं वाटलं.

आणि एका प्रयोगाला मी बाईंना बोलावलं. का बोलावलं? मला स्टेजवर पाहायची त्यांची किती वर्षांची इच्छा होती. त्या येतील त्या दिवशी निदान पेन्सिल काढून टाकू, असं ठरवलं होतं. नाही काढली. टाळ्या तिथेच पडायच्या.

त्या तिसऱ्या रांगेत होत्या. प्रयोग संपल्यावर आत आल्या, तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उच्चार स्वच्छ होते. शेवटची अक्षरं गिळली नाहीस." मग एसटी चुकेल म्हणून निघाल्या. पेन्सिल अंबाड्यातच होती.

कुणीतरी त्या स्वगताचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. कुणाबद्दल आहे ते सगळ्यांनी ओळखलं. निवृत्तीनंतर बाई संध्याकाळी घराच्या ओटीवर मुलांना फुकट शिकवायच्या. नाक्यावर त्यांना नाव पडलं — मारकी बाई. रेशनच्या रांगेत एकानं विचारलं, "बाई, पट्टी हाय का घरात अजून?" लोक हसले. बाईही हसल्या म्हणे. पण ओटीवर मुलं येईनात. अकरा होती, चार राहिली. मग ती चारही नाहीत.

एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुरलं असतं. नाही बोलल्या. बोलल्या असत्या तर मी खोटा ठरलो असतो — म्हणून? मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बायनी तुला मारलेलं हाय का रं? खरं सांग."

एक 'न्हाय' म्हटलं असतं तर संपलं असतं. स्टेजवर ज्या शब्दासाठी मी आठ मिनिटं रडत होतो, तो तोंडात शाबूत होता. कुणीही काढून घेतलेला नव्हता. मी म्हणालो, "हाय."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. त्यानंतर बाईंच्या दारावरून जाताना ती थांबेनाशी झाली. माझ्या नावानं त्या दारात दर गणपतीला जाणारे मोदकही बंद झाले.

मला त्या स्वगताचं बक्षीस मिळालं. त्यावरच पुढे काम मिळालं. आज मी मुलांना उच्चार शिकवतो. एखाद्यानं चांगले केले की 'शेवटची अक्षरं गिळली नाहीस' हेच माझ्या तोंडून निघतं, आणि मग उरलेला तास कसा घेतला ते मला आठवत नाही.

बाईंच्या ओटीला आता लोखंडी जाळी बसली आहे. बाई आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. तिथल्या पत्त्यावर गेल्या महिन्यात मी पत्र पाठवलं. गावाच्या ग्रुपवर काही लिहिलं नाही. आईला सांगितलं नाही. खरं काय ते ज्यांना एकट्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्या बाईंनाच फक्त कळवलं. पत्र असं होतं —

आदरणीय भोईर बाईंना, सा. न.

बाईंनी तुला मारलं का, असं आईनं मला विचारलं होतं. मी चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर वहीतल्यासारखं लिहितो आहे. मधली रेघ पट्टीनंच ओढली आहे.

घरचा शब्द — न्हाय.

पुस्तकातला शब्द — नाही.