बांधावर अडवणारी बाई

“आदी कोनाच्या शेतात गेलतास?” हा तिचा पहिला प्रश्न. मग हात आडवा, मग पाण्याची बादली पुढे. हातपाय धुतल्याशिवाय ती कुणालाही आपल्या सोयाबीनमध्ये पाऊल टाकू देत नसे.

याचं मूळ माझ्याच भाषणात होतं. वाणगावच्या पूर्वेकडच्या त्या पाड्यावर कृषी सहायक म्हणून मी सभा घेतली होती. भाताच्या मुलखात सोयाबीन नवं, म्हणून तांबेरा या रोगाबद्दल सांगितलं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक तपकिरी फोड येतात, बोट फिरवलं की भुकटी लागते आणि ती वाऱ्याने, कपड्यांनी दुसऱ्या शेतात जाते. रोगट शेत नेहमी शेवटी पाहावं, असंही म्हणालो. लोक चहाची वाट बघत होते. ऐकलं तिने एकटीने.

एकदा आमचे मोठे साहेब नवे बूट घालून आले. तिने ते काढायला लावले. साहेब चिखलात अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि ही मागून, “खालची पानां बग, सायेब. वरची सगल्यांना दिसतात.” तुम्ही असतात तर हसला असतात. आम्हाला नोकरी होती.

साठी उलटलेली, गुडघे गेलेले, तरी रोज सकाळी वाकून पानं उलटी करून बघायची. का, ते एकदाच बोलली. “ह्या पिकला तं यंदा भट्टीवर नाय जायाचा. एक हिवाला माज्या घरान काडीन.” दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्ट्यांवर जातो. आपल्या घरातली थंडी तिला आठवतच नव्हती.

शेंगा धरल्या तेव्हाची गोष्ट. खालच्या पाड्यावरच्या एका शेतात तांबेरा लागला होता. ते बघून मी तसाच तिच्याकडे आलो. दुपारपर्यंत तिच्या शेताचे फोटो पाठवायचे होते, शर्ट बदलायला घरी कोण जातो? तिने नेहमीचं विचारलं. मी म्हणालो, “सरळ ऑफिसातून.” तिने आडवा हात खाली घेतला.

दोन आठवड्यांनी तिनेच मला पान दाखवलं. तपकिरी भुकटी तिच्या अंगठ्याला लागली होती. औषध फवारलं, पानांच्या खालूनही फवारलं, पण पाऊस थांबेना. पानं गळली, शेंगा पोचट राहिल्या. तांबेरा वाऱ्यानेही येतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. लाज वाटायला हवी होती, पण आत काही हललंच नाही.

दिवाळीनंतर भट्टीचा टेम्पो आला. ती गाठोड्यावर बसली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, “त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“ठाव हाय. त्या खालच्या शेतवाला माजा भाचा. तू निंगालास तवाच त्याचा फोन आलता.”

“मग मला आत का सोडलंत?”

“शिकवनारा तूच. तुला खोटा कसा म्हनू?”

टेम्पो गेला. मी वाणगावला मीटिंगला गेलो. तिथे तांबेऱ्यावर मीच बोललो.

पावसाच्या तोंडावर पाड्यातले सगळे परतले. ती भट्टीवरच वारली, असं तिच्या सुनेने सांगितलं. थंडीत गेली का, एवढं विचारायचं होतं. मी बियाण्याच्या यादीवर सुनेची सही घेतली आणि निघालो.