सासऱ्यांचं खाकरणं

माझे सासरे बोलत नसत, खाकरत. दारातून आत येताना खाकरले की आम्ही सुनांनी पदर नाकाच्या खाली ओढायचा. जेवताना खाकरले की भाकरी वाढायची, आणि हलकंच खाकरून ताटात हात धुतला की ताट उचलायचं. सुनांशी बोलणं त्यांच्या इभ्रतीला शोभत नव्हतं, आणि मुलांशी बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. कळसाडीच्या त्या घरात मी तळोद्याहून लग्न होऊन आले, ते गोऱ्या साहेबाच्या राज्यातले दिवस. आमच्याकडे माणसं तोंडानं भांडत. इथली ही खोकल्याची भाषा मला जाऊबाईंनी शिकवली.

आम्ही बायका दाराची कडी वाजवून उत्तर देत असू. एकदा वाजवली की पानं वाढली, सारखी वाजवली की कुणीतरी आत या. थोरले दीर, म्हणजे जेठ, यांच्याशी तर कडीनंही बोलायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोचं तोंड जेठानं बघायचं नाही, तिला शिवायचं नाही. चुकून तिचा पदर जरी लागला तरी त्यांनी अंघोळ करायची. मी ओट्यावर बसलेली असले तर आमचे जेठ बाहेर गोठ्याकडून वळसा घालून जात. गावात त्यांच्या या मर्यादशीलपणाचं फार कौतुक होतं.

हेच मर्यादशील गृहस्थ बायकोला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, गुरासारखं मारत. ताक आंबट लागलं म्हणून, पाणी यायला उशीर झाला म्हणून, तर कधी नुसतीच तिची नजर आवडली नाही म्हणून. तिला खोलीत ढकलायचं, दार लोटायचं, आणि मग हाताला येईल ते. भिंतीपलीकडे चुलीशी बसून मी प्रत्येक फटका ऐकलेला आहे. पाठीवर बसलेला वेगळा वाजतो आणि हाडावर बसलेला वेगळा. ते मला अजून ओळखू येतं.

मुलाच्या खोलीत बापानं शिरायचं नाही, बायकोवरून मुलाला बोलायचं तर नाहीच नाही. म्हणून सासरे ओसरीवरून खाकरत. ते खाकरणं निराळं होतं, छातीतून आलेलं, लांब. त्याचा अर्थ, आता बस. जेठांचा हात वर गेलेला असला तरी तिथूनच खाली येई. ते बाहेर येत, रांजणाशी हात धुत आणि शेताकडे चालू लागत. बाप काही बोलला नाही, मुलानं काही ऐकलं नाही, सगळ्यांची अब्रू जागच्या जागी. सासरे लवकर खाकरणार की सावकाश, एवढाच काय तो प्रश्न असे. आळीतल्या बायका तेवढ्यावरून ओळखत की आज म्हाताऱ्याची मर्जी कशी आहे. मी एकदा नवऱ्यापाशी बोलले, तर तो म्हणाला, "आबा खाकरतस ना. मंग काय व्हस?" त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

जाऊबाईंचं पहिलं लेकरू लाथेनं पोटातच गेलं होतं. त्या पुन्हा गरोदर राहिल्या. पोट चांगलं दिसायला लागलं तेव्हा सुईण तपासून गेली आणि चुलीशी बसून मला म्हणाली, "आते जर ही पडनी ते दोन्ही जातीन." जाऊबाई दळत होत्या. त्यांनी ते ऐकलं, पण जात्यावरचा हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते. जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या, तो खाली ठेवला, आणि परत फिरल्या नाहीत. पदराआडून, पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आबा, यंदा पहिला फटकालेच खाकरज्यात. मन्हा पोटमा लेकरू शे."

मी दाराआड होते. सासऱ्यांचा हात थांबला, मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पायानं तांब्या लोटून दिला आणि पुन्हा दोर वळायला घेतला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं कुणी बोललं. माझ्या माहेरी कुणी असं विनवलं असतं तर आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. जाऊबाईंनाही तशीच आशा असणार. पण या घरात जोवर कुणी बोललं नव्हतं, तोवर सासऱ्यांचं खाकरणं हे त्यांचं आपखुशीचं देणं होतं. सुनेनं ते मागितलं. पहिल्या फटक्यापासून तुम्हाला सगळं ऐकू येतं, हेही त्यात आलं. ते त्यांनी तिला माफ केलं नाही.

चार-पाच दिवसांनी कापूस वेचणीची घाई होती. माझा नवरा गाडी घेऊन शहाद्याला गेलेला. दुपारी जेठ शेतातून आले, दुसरी बैलजोडी गोठ्यात बांधली, जाऊबाईंना उठायला क्षणभर उशीर झाला, आणि त्यांनी बैल हाकायची पराणी तशीच हातात घेऊन तिला आत ढकललं. सासरे ओसरीवर होते. पहिला फटका वाजला. मी कान ओसरीकडे लावला. दुसरा वाजला, तिसरा वाजला. मी दारातून डोकावले. म्हातारा जागा होता. दोराला पीळ देत होता, अगदी मन लावून.

आतून जाऊबाईंचा आवाज यायचा थांबला तेव्हा मी उठले. दार ढकललं आणि डोक्यावरचा पदर खाली टाकला. उघड्या तोंडानं, उघड्या डोक्यानं मी जेठांच्या आणि तिच्यामध्ये जाऊन उभी राहिले. पराणी वर होती. ती खाली आली तर मला लागणार होती. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि मला त्यांचा खून करावासा वाटत होता, हे त्यांना वाचता आलं असणार. बायकोला अर्धमेली करणारा तो माणूस मला शिवू शकला नाही. त्यानं नजर जमिनीकडे वळवली, भिंतीला अंग घासत दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला.

मी खाली बसून जाऊबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचं लुगडं कमरेखाली रक्तानं भिजत चाललं होतं. लेकरू चाललं होतं, ते आम्हा दोघींनाही कळलं. त्या शुद्धीवर होत्या, डोळे मिटून माझं मनगट धरून होत्या.

बाहेर गोठ्यात जेठांनी राहिलेला राग बैलावर काढायला सुरुवात केली. पराणीचा एक फटका ऐकू आला, बैल हंबरला. दुसरा बसतो न बसतो तोच ओसरीवरून खाकरणं आलं, छातीतून, लांब. पाठोपाठ सासरे बोललेसुद्धा, "नको मारू रे त्याले. मुकं जनावर शे ते."

माझ्या मनगटावरची जाऊबाईंची बोटं सुटली. त्यांनी डोळे उघडून ओसरीकडच्या भिंतीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ऐकं का तू?"