आंटींच्या आडनावाचं गाव

सिंगापूरच्या बिशान भागात मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती, त्या आंटी युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या होत्या. त्यांचं आडनाव इंग्रजी, पण इतकं दुर्मीळ की अख्ख्या शहरात ते लावणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"हे आलं कुठून ते कळल्याशिवाय मी मरायची नाही," त्या म्हणायच्या.

मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' असलं, की आधी गाव शोधतात. त्यांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी आम्ही दोघी लॅपटॉपवर इंग्लंडच्या जुन्या जनगणनेच्या नोंदी धुंडाळू लागलो. आडनाव सापडलं, की आंटी भिंतीवरच्या नकाशावर माझ्या पाकिटातली एक टिकली चिकटवत. हळूहळू टिकल्या उत्तरेकडच्या एकाच खोऱ्यात दाटल्या, आणि तिथे त्याच नावाची एक वाडी निघाली.

आंटींनी तिथल्या चर्चला फोन लावला. पलीकडच्या बाईंचंही आडनाव तेच होतं, पण त्यांनी ते मधली अक्षरं गिळून उच्चारलं.

"आमच्याकडे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या.

आंटी म्हणाल्या, "माझे वडील एकेक अक्षर उच्चारायचे. मीही तसंच म्हणणार, आणि तुमच्याकडे येऊन म्हणणार."

त्या खरंच एकट्या गेल्या. परतल्यावर त्यांनी मला सांगितलं, की तिथे त्या बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी आपलं आडनाव एकेक अक्षर उच्चारून सांगितलं, तेव्हा घरचे सगळे हसत हसत ते त्यांच्यासारखं म्हणून बघायला लागले.